चपलेवरचा टाका

मी सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवायचं काम करतो. वीस वर्षं झाली. या धंद्यातून मला कंबरदुखी मिळाली आणि टाका ओळखायची नजर मिळाली. कुणाच्याही घरी गेलो की माणसांच्या आधी माझं लक्ष बैठकीकडे जातं. शिवण कुठे ढिली आहे, फोम कुठे बसलाय, कुठल्या घायकुतीला आलेल्या माणसानं पिना तिरक्या मारल्यात, सगळं दिसतं. बायको म्हणते, समोरच्याचं तोंड कसं होतं ते तुम्हाला सांगता यायचं नाही, पण तो कशावर बसला होता ते बरोबर सांगाल. तिचं म्हणणं खरं आहे. तिच्यासमोर मात्र मी ते कधी कबूल केलेलं नाही.

याच नजरेनं माझा एकदा असा काही पोपट केला की पाच वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

आमची थोरली पोरगी दोन महिने आधीच जन्मली. वजन अकराशे ग्रॅम. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही चिमटीत मावेल असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि तिचं नाव चिमटीच पडलं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायकोचं ऑपरेशन झालेलं, ती दुसऱ्या मजल्यावर पडून, आणि मी दिवसभर लहान बाळांच्या वॉर्डाबाहेर येरझाऱ्या घालायचो.

चौथ्या दिवशी दुपारी चिमटीचा श्वास थांबला. आत धावपळ झाली, कुणीतरी पडदा ओढला. भिंतीला पाठ लावून मी खाली बसलो. दाराच्या खालच्या भागात काच होती. त्या काचेतून, पडद्याच्या खालून, मला फक्त एका नर्सचे पाय दिसत होते. पांढरी रबरी चप्पल. डाव्या पायाचा पट्टा तुटलेला आणि जाड मेणदोऱ्यानं शिवलेला. आठ टाके होते, शेवटचा उलटा घेतलेला. ती नर्स हातातली पिशवी दाबून माझ्या पोरीला श्वास देत होती हे आतल्या बोलण्यावरून कळलं, आणि दर वेळी दाबताना तिची डावी टाच जरा वर व्हायची. टाच वर झाली की समजायचं, पोरीच्या छातीत हवा गेली. चाळीस मिनिटं मी त्या टाचेकडे बघत बसलो होतो. पापणी लवायचीसुद्धा भीती वाटत होती.

मग दार किलकिलं झालं आणि कुणीतरी म्हणालं, "रडतेय." कोण म्हणालं, आवाज कसा होता, मला काही कळलं नाही, कारण तेव्हा मीही रडत होतो.

चिमटीचा पहिला वाढदिवस आला तेव्हा मी ठरवलं की त्या बाईंना भेटून आभार मानायचेच. दुकानातल्या उरलेल्या मखमलीची एक छोटी उशी केली. चिमटीचा तळपाय निळ्या रंगात बुडवून उशीवर ठसा घेतला. तो घेताना तिनं माझ्या शर्टावर, भिंतीवर आणि बायकोच्या कपाळावरही ठसे उमटवले. उशी घेऊन आम्ही तिघं वॉर्डाच्या दाराशी गेलो. एक सिस्टर बाहेर आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा लावलेल्या. मी सवयीनं खाली पाहिलं. आठ टाके, शेवटचा उलटा. मला तिथंच हुंदका फुटला. उशी त्यांच्या हातात कोंबली आणि काय काय बोललो देव जाणे. त्यांनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, पण मी कुणाला बोलू देईन तर ना.

परत येताना बायको म्हणाली, "तोंडावर मास्क होता, पण मला त्या जरा उंच होत्या असं आठवतंय."

मी म्हटलं, "तुला त्या संध्याकाळी व्हीलचेअरवरून आणलं होतं. तिथून सगळेच उंच दिसतात."

"आवाजही घोगरा होता हो."

"मी टाका ओळखतो," मी म्हटलं, आणि विषय संपवला. असे विषय संपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरात पायंडाच पडला. चिमटीच्या वाढदिवसाआधी महिनाभर स्वयंपाकघरातलं टेबल जेवायला मिळत नाही. त्यावर कापडाचे तुकडे, खळ, रंगाच्या बाटल्या आणि बोथट कात्र्या पसरलेल्या असतात, आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतो. सिस्टरांसाठी जे काही करायचं ते पोरांनी स्वतःच्या हातांनी करायचं, मी नुसती देखरेख करायची, असा बायकोचा नियम आहे. तो मी दर वर्षी मोडतो. वाकडं कापलेलं मला बघवत नाही. दुसऱ्या वर्षीची बटणांची माळ मी रात्री गुपचूप उसवून सरळ ओवली होती आणि सकाळी चिमटीनं ती पाहताच भोकाड पसरलं होतं. तिला लाल बटणाशेजारी लालच हवं होतं, कारण ती दोघं बहिणी होत्या. मला कसं कळणार? बायकोनं ती माळ पुन्हा उसवून जशीच्या तशी करून दिली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

नंतर धाकटा झाला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. का ते आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. तो चालायला लागल्यापासून त्याचाही हात या कामाला लागला, म्हणजे बहुतेक वेळा खळीला लागला. चौथ्या वर्षी पुठ्ठ्याचं पेन ठेवायचं घर केलं, त्याच्या छपरावर भोंग्याचे चार केस अजूनही चिकटलेले असतील.

मला या सगळ्याचा त्रास होतो असं मी सांगत फिरतो. खरं सांगू का, वर्षातला तो महिना मला सगळ्यांत आवडतो. चिमटी जीभ बाहेर काढून कापड कापत असते तेव्हा मी कधी कधी नुसता तिच्या छातीकडे बघतो. आपोआप वरखाली होत असते. कुणी दाबावं लागत नाही.

या वर्षी कळलं की आमच्या सिस्टर महिनाअखेर निवृत्त होणार. बायकोनं लसीच्या खोलीत चौकशी केली होती. म्हणजे हे शेवटचं. चिमटी पहिलीत गेलीय, तिला आता सगळं समजतं. ती म्हणाली, "त्या आता घरी बसतील. मग पाय वर ठेवायला काहीतरी करू या."

मी म्हटलं, "मी छान सागाचं पायटेकण करून—"

"तुम्ही नाही, बाबा. आम्ही."

तर पायटेकण ठरलं डब्यांचं. दूधपावडरीचे सात रिकामे डबे, एक मधोमध आणि सहा भोवती, चिकटपट्टीनं घट्ट बांधायचे, वर फोम, मग कापड. डबे जमवायला पोरांनी अख्खी इमारत पालथी घातली. तीन आमच्याच घरचे, दोन समोरच्या काकूंचे, उरलेले दोन एका आजोबांनी त्यातले खिळे रिकामे करून दिले. बांधायचं काम बायकोनं केलं, फोमवर खडूनं गोल चिमटीनं मारला, आणि बाजूच्या कापडावर तिनं सिस्टरांचं चित्र रंगवलं. गोल तोंड, गोल चष्मा आणि बटाट्यासारखं नाक. भोंग्यानं डबे "तपासले".

भोंग्यानं डबे कसे तपासले ते कापड चढवून झाल्यावर समजलं. पायटेकण उचललं आणि आतून खडखड आवाज आला.

"काय टाकलंस आत?" मी विचारलं.

"खाऊ," भोंगा म्हणाला.

"कसला खाऊ?"

"सिस्टरचा."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षांत माझ्या हातून खडखडणारी वस्तू बाहेर गेलेली नाही. मी सुरी काढली, आत्ताच्या आत्ता उसवतो म्हटलं, भोंग्यानं आपला आवाज लावला, चिमटी पायटेकणावर पालथी पडली. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली, जणू मीच तीन वर्षांचा आहे. "वाजू दे की," ती म्हणाली. "त्यांनाही कळेल घरात पोरं होती." मी घुम्यासारखा बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी परत येऊन तळाची शिवण तेवढी पक्की करून दिली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही वॉर्डाशी हजर झालो. पायटेकण चिमटीच्या कवेत मावत नव्हतं, तरी ते तीच धरणार होती. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी ते पाहिलं, चित्र पाहिलं, आणि हसण्याऐवजी त्यांचे डोळे भरून आले. "आत या जरा," त्या म्हणाल्या. "सगळेच या. मला बोलायचंय."

त्यांनी आम्हाला नर्सांच्या चहाच्या खोलीत नेलं. चार खुर्च्या, एक कपाट, खिडकीत धुतलेले कप पालथे घातलेले. कपाट अर्धं रिकामं झालेलं होतं. त्यातून त्यांनी एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत निळ्या ठशाची उशी होती, बटणांची माळ होती, भोंग्याच्या केसांचं घर होतं. पाचही वस्तू नीट कागदात गुंडाळलेल्या.

"हे मी वापरलं नाही," त्या म्हणाल्या. "वापरायचा हक्कच नव्हता. दादा, त्या दिवशी तुमच्या मुलीला श्वास देणारी मी नव्हते. मी सुट्टीवर होते."

मला आधी वाक्यच कळलं नाही. मग कान गरम झाले. बायकोकडे बघायची हिंमत होईना.

"पण चप्पल," मी म्हटलं. "डाव्या पायाचा पट्टा. आठ टाके."

सिस्टर उठल्या आणि त्यांनी खोलीचं दुसरं दार उघडलं. पलीकडे वॉर्डात शिरायची जागा होती. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पांढऱ्या रबरी चपलांचे डझनभर जोड. एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी आपले बूट काढले, हाताला लागला तो जोड पायात सरकवला आणि आत गेल्या.

"वॉर्डाच्या चपला आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आत येईल त्याच्या."

मी मांडणीकडे बघत राहिलो. टाका मी बरोबरच ओळखला होता. फक्त तो कुणाच्या पायात आहे ते वर मान करून बघायचं राहिलं होतं. बायको माझ्या शेजारी उभी होती. "मी म्हटलं होतं" असं ती त्या क्षणी म्हणाली नाही. त्याबद्दल मी जन्मभर तिच्या ऋणात राहीन. नंतर बसस्टॉपवर म्हणाली ती, पण नंतर.

"मग पाच वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" माझा आवाज चढलाच. मला रागच आला होता. मी ज्या माणसापुढे दर वर्षी मन मोकळं करत होतो, ते माणूसच भलतं निघालं होतं. आणि जिचे खरे उपकार होते तिच्याकडे मी पाच वर्षांत एकदाही बघितलेलं नव्हतं.

सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. "पहिल्या वर्षी सांगणार होते. तुम्ही इतके रडत होता. आणि... त्या आठवड्यात आमच्याकडची दोन बाळं गेली होती. दोन्ही माझ्या हातात. मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, दुपारी देणार होते. तेवढ्यात तुम्ही उशी घेऊन आलात आणि म्हणालात, तुमच्यामुळे आमचं लेकरू आहे. ते माझ्यासाठी नव्हतं, मला कळत होतं. पण मला तेव्हा ते फार हवं होतं. मी ते घेतलं, आणि राजीनामा दिलाच नाही. पुढच्या वर्षी ही चालत आली आणि माझ्या पायाला मिठी मारली. मग दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं."

 

चिमटी पायटेकण धरून मध्येच उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला पिशवी दाबून श्वास नाही दिला?"

"नाही गं, बाळा."

"मग त्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

"घरी होते. बहुतेक भांडी घासत होते."

चिमटीनं थोडा विचार केला. ही गोष्ट तिला दर वाढदिवसाला आम्ही सांगायचो, तिची सगळ्यांत आवडती गोष्ट होती. "पण मी यावर तुमचं नाक काढलंय," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाचं नाही ते होणार." तिनं पायटेकण सिस्टरांच्या पुढ्यात ठेवलं. ते खडखडलं. "त्यात खाऊ पण आहे. भोंग्याचा."

सिस्टर हसता हसता रडायला लागल्या. बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तुम्ही राजीनामा दिला नाहीत," ती म्हणाली, "त्यानंतरची सगळी बाळं तुमचीच की हो." मला हे सुचलं नसतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही, पण गेला. मी म्हटलं, "सिस्टर, पाय ठेवून बघा. उंची बरोबर आहे का सांगा." त्यांनी चष्मा पुसला आणि पाय ठेवले. उंची बरोबर होती.

मग मी विचारलं, "त्या दिवशी होत्या त्या कोण? आहेत का इथे?"

"आहे ना. आत्ता ड्यूटीवरच आहे. मी तिला दर वर्षी सांगत आले, हे तुझं आहे, घे. ती म्हणते, मला कुठलं बाळ ते आठवत नाही, तूच ठेव. चला, आयांच्या खोलीत बोलावते."

आयांची, म्हणजे बाळंतिणींची, खोली वॉर्डाला लागूनच आहे. अशा लहान बाळांना रोज दुपारी आईच्या छातीशी ठेवतात, त्यासाठी तिथे चार मोठ्या खुर्च्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा खोली रिकामी होती. थोड्या वेळानं एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई आत आल्या, हातात कागद. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीपर्यंत खाली ओढला. "कोण ते?" त्यांनी विचारलं. आवाज घोगरा होता. बायकोनं माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला.

मी रोज बडबड करणारा माणूस. इतकी वर्षं दर वाढदिवसाला मी भाषण ठोकत आलो होतो, आणि ज्या बाईंसाठी ते होतं त्या समोर आल्यावर माझी दातखीळ बसली. शेवटी कसंबसं म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या मुलीला चाळीस मिनिटं श्वास दिलात."

"असेल," त्या म्हणाल्या. "किती आठवड्यांची होती?"

"एकतीस," बायको म्हणाली.

"वजन?"

"अकराशे."

त्यांनी चिमटीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मी जुना सोफा बघतो तसं. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिनं श्वास घेतला तसा तो हात वर आलेला पाहिला. "चांगली झालीय," त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघितलं.

माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. पायटेकण योग्य माणसाकडे गेलं होतं, ते परत मागायचा प्रश्नच नव्हता. मी मान खाली घातली, आणि तेव्हा मला त्यांच्या शेजारची खुर्ची दिसली. बैठकीचं रेक्झिन मधोमध फाटलेलं, त्यावर जखमेला लावतात ती पांढरी पट्टी आडवीतिडवी चिकटवलेली, फोमचा पार चुरा झालेला. मी हातानं दाबून पाहिलं तर खालची फळी लागली.

"हिच्यावर आया बसतात?" मी विचारलं.

"दुसरी आहे का? अर्ज देऊन वर्ष झालं."

"मी हेच काम करतो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आया दोन वाजता येतात," त्या म्हणाल्या. "तोवर होईल?"

"होईल."

"मग बोलत काय बसलात?"

चार स्क्रू खाली, दोन पाठीला. बैठक मी डोक्यावर घेतली, पाठ बायकोनं. चिमटीच्या मुठीत स्क्रू, भोंगा रिकामा आणि म्हणून सगळ्यांच्या पुढे. दुकान तिथून वीस मिनिटांवर. वाढदिवसाचा केक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डब्यातच राहिला आणि कुणी आठवणही काढली नाही.

दुकानात मी जुन्या पिना उपसायला लागलो. चिमटी आणि भोंगा लोहचुंबक घेऊन जमिनीवर पडलेल्या पिना वेचत होते. एकही राहता कामा नये, कारण आया तिथे अनवाणी येतात, असं मी त्यांना सांगितलं होतं. मी टणक फोम कापायला घेतला, हॉस्पिटलची खुर्ची म्हटल्यावर टिकाऊ हवी म्हणून.

"तो नको," बायको म्हणाली. "मी या खुर्चीत बसलेय."

"या खुर्चीत?"

"महिनाभर. रोज दोन तास, पोटाला टाके आणि छातीवर ही." तिनं चिमटीकडे हनुवटी उडवली. "समोरची कड मऊ हवी, नाहीतर मांड्या बधिर होतात आणि उठता येत नाही. आणि उजव्या हाताखाली उंची द्या. बाळाचं डोकं त्या हातावर असतं. दोन तास हात उचलून धरला की खांदा भरून येतो, आणि हलायची तर सोय नसते, बाळ जागं होईल म्हणून."

मी कातर हातात धरून ऐकत राहिलो. तो महिनाभर मी बाहेरच्या बाकावर बसून स्वतःला फार मोठा सोसणारा समजत होतो. माझी बायको आत काय सोसत होती ते मी कधी विचारलंच नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी विषय संपवला असता, हेही खरंच.

"तू सांग," मी म्हटलं. "मी कापतो."

तिनं सांगितलं तसं मी केलं. टणक खाली, मऊ वर, पुढची कड गोल. उजव्या हाताची उशी किती जाड हवी ते ठरवायला तिनं भोंग्याला मांडीवर घेऊन त्याचं डोकं हातावर ठेवलं, आणि भोंगा चक्क गप्प पडून राहिला. मग रेक्झिन ताणून धरायला चिमटी एका कोपऱ्याला, बायको दुसऱ्या. चिमटीनं धरलेला कोपरा थोडा वाकडा गेला. मला दिसला. मी पिन मारली.

दोनला दहा कमी असताना आम्ही परत पोचलो. मी घाईघाईनं स्क्रू आवळले. उंच सिस्टर आल्या, त्यांनी तळहातानं बैठक दाबली, उजव्या हाताची उशी दाबली, तिथे जरा थांबल्या. "स्पिरिटनं पुसलं तर चालेल ना?"

"चालेल."

"ही उशी कुणाच्या डोक्यातून आली?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. दोघींमध्ये जे काय बोलणं झालं ते तेवढंच. मग त्या मला म्हणाल्या, "बरी झालीय. अजून तीन आहेत." आणि आत निघून गेल्या.

त्या तीन शब्दांनी मला इतकं बरं वाटलं की कुठे बघावं कळेना. त्यांना मला काहीतरी मागावंसं वाटलं होतं.

आम्ही दारात आवराआवर करत होतो तेव्हा एक बाई आली. विशीतली असेल, एक हात पोटावर, पाय ओढत चालणारी. खोलीत चार खुर्च्या होत्या. तिनं काही न बघता जवळची, आमची धरली आणि हळूच तिच्यात उतरली. उंच सिस्टरांनी आतून एक गाठोडं आणलं. बाळ कसलं, नळ्याच जास्त दिसत होत्या. त्यांनी ते तिच्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं, आणि तिचा उजवा कोपर उचलून उशीवर टेकवला. तिचा खांदा खाली आला. तिनं डोकं मागे टाकलं आणि डोळे मिटले.

चिमटीनं माझा शर्ट ओढला. "बाबा," ती कुजबुजली, "त्या मावशींना सांगू का, खुर्ची आपण केली म्हणून?"

"नको."

"का?"

पांघरूण जरा वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"त्या कामात आहेत," मी म्हटलं.